चौथ्या केंद्राची बातमी

बांतिगान, ९ ऑगस्ट १९८२

चि. नेने,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं कात्रण मिळालं. पण ते मिळायच्या आधीच गावभर झालं होतं, कारण मनिलाचं दैनिक इथे दोन दिवसांनी पोचतं आणि तुझं पत्र आठ दिवसांनी. 'गृहिणी' पानावर खाली बारीक अक्षरात 'नोएमी रेनिवा' हे तुझं नाव छापलेलं पाहून औषधाच्या दुकानातल्या बाईने मला बाकावर बसवून पाणी दिलं, जशी काही मला चक्करच येणार होती. मेयर आर्सिंगांच्या बायकोने तुझी नारळाच्या दुधातल्या अळूची कृती कापून स्वयंपाकिणीला दिली म्हणे. मी तिला म्हटलं, "अहो, आपल्या बिकोल मुलखातल्या बाईला अळू मनिलाच्या पेपरातून शिकावं लागतं, हे काही बरं नव्हे." ती हसली. तिला बहुतेक कळलं नाही.

पण मी मास्तरीण आहे, नेने. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. अळू धुवायचं कसं हे सांगता सांगता तू लिहिलंयस की नदीकाठच्या त्या वस्तीत एका पुढाऱ्याने हातपंप बसवला, त्यावर स्वतःच्या नावाची पाटी लावली, फक्त खाली नळी घालायची राहिली. हे कृतीत कशाला? त्याशिवाय अळू शिजत नाही का?

तुझा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, असाच होता. बारशाच्या जेवणाला गेला तरी तांदूळ कोणाच्या कोठारातला ते विचारायचा. त्यामुळे आम्हाला आमंत्रणं कमी यायची. तू स्वयंपाकावर लिही, शिवणावर लिही, नाव कमाव. राजकारण आपल्यासारख्यांचं काम नाही.

दोन शब्द चुकले होते. लाल पेन्सिलीने दुरुस्त करून कात्रण परत पाठवते आहे.

तुझी तिया,
एस्कोलास्तिका


मनिला, ३० ऑगस्ट १९८२

तिया,
तुमचा हात कपाळाला लावते.

दोन्ही दुरुस्त्या बरोबर आहेत. आमच्या मुद्रितशोधकाला दाखवल्या, तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

आता तो हातपंप. आमच्या कचेरीत रोज दुपारी सरकारने नेमलेले एक गृहस्थ येतात. सदऱ्याला कडक इस्त्री, काखेत छत्री. पहिलं पान वाचतात, मग राजकीय पान, मग अग्रलेख. कुठे काही खटकलं की बोट ठेवतात आणि ती ओळ जाते. 'गृहिणी' पान समोर आलं की म्हणतात, "हे बायकांचं," आणि कॉफी मागवतात. तिया, या आख्ख्या दैनिकात खरं लिहायला एवढीच जागा उरली आहे आणि ती मला मिळाली आहे. मी ती वाया कशी घालवू?

राजकीय विभागात सात पुरुष आहेत. सरकारी पत्रकं येतात, ते टाइप करतात, संध्याकाळी घरी जातात. मी तिथे जागा मागितली. विभागप्रमुख म्हणाले, "नोएमी, तू आपली केकची कृती लिही."

"सर, मला केक येत नाही."

"केक येत नाही आणि राजकारण येईल?"

सगळे हसले. मीही हसले. पण तुम्हाला लिहून ठेवते : पाच वर्षांत मी राजकीय वार्ताहर होईन. आणि ते काम आपल्यासारख्यांचं नाही, हे तुम्ही म्हणालात ते मला पटलेलं नाही. आपल्यासारख्यांचंच नाही, तर मग कोणाचं?

तुमची
नोएमी


मनिला, २० नोव्हेंबर १९८३

तिया,
तुमचा हात कपाळाला लावते.

बरेच महिने पत्र नाही म्हणून रागावू नका. मी सध्या दैनिकातून सुट्टी घेतली आहे. जरा थकले होते. सेवेरो म्हणून एक म्हातारे संपादक आहेत, सगळे त्यांना आदराने 'मांग' सेवेरो म्हणतात. हात चालू राहावा म्हणून त्यांच्या आठ पानी साप्ताहिकात थोडंफार लिहिते. नवा पत्ता वर दिला आहे. जुनी खोली दमट होती.

बाकी सगळं उत्तम. काळजी नसावी.

तुमची
नोएमी


बांतिगान, ४ डिसेंबर १९८३

नेने,

सुट्टी!

तेहेतीस वर्षं मी पोरांच्या सबबी ऐकते आहे. 'बाई, वही डुकराने खाल्ली' इथपासून. तुझी सबब त्यातली अगदीच सुमार निघाली.

फादरांची बहीण मनिलाहून आली. तिने मला चर्चच्या पायरीवर गाठलं आणि सगळं सांगितलं. तुला दैनिकातून काढलं. लष्कराच्या छावणीवर बोलावून दिवसभर प्रश्न विचारले. घरमालकिणीने घाबरून खोली सोडायला लावली. दमट होती म्हणे! मी सगळ्यांदेखत म्हटलं, "हो, मला माहीत आहे, तिने लिहिलंय मला." खोटं बोलले. चर्चच्या पायरीवर. ते पाप तुझ्या नावावर.

परत ये असं लिहायला घेतलं होतं, पण तू येणार नाहीस. तू तुझ्या बापाची. फादरांच्या बहिणीबरोबर सुकवलेल्या अळूच्या पुड्या पाठवल्या आहेत, पोचेपर्यंत टिकतील.

एकच मागणं आहे. मेमध्ये राष्ट्रीय सभेची निवडणूक आहे. आपल्या प्रांतातून मेयर आर्सिंगांचा धाकटा भाऊ उभा राहणार, आणि त्याच्या विरुद्ध आपले वकील दायेप. नेहमीप्रमाणे आम्हा शिक्षिकांनाच मतदान केंद्रं सांभाळायची आहेत. माझं चौथं केंद्र, माझाच वर्ग. माझ्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली. तू जगावर काय हवं ते लिही. बांतिगानवर लिहू नकोस.

तिया


मनिला, ८ जानेवारी १९८४

तिया,
तुमचा हात कपाळाला लावते, आणि आज थोडा जास्त वेळ तिथेच ठेवते.

चुकले. तुम्हाला कळलं तर झोपणार नाही, म्हणून लपवलं. आता सगळं सांगते.

ऑगस्टमध्ये गोळी घालून मारलेल्या विरोधी नेत्याची इथे जी मोठी अंत्ययात्रा निघाली, ती आमच्या दैनिकाने छापली नाही. लाखो माणसं दिवसभर रस्त्यावर, आणि आमच्या पहिल्या पानावर हवामान! मग मी 'गृहिणी' पानावर कृती दिली : 'दहा लाख माणसांसाठी कालामान्सीचं सरबत'. लिंबं किती, साखर किती, आणि त्या दिवशी रस्त्याच्या कडेच्या बायकांनी बादल्या भरभरून ते कोणाला पाजलं, चालणारे कुठून आले होते, काय बोलत होते, का रडत होते. छत्रीवाल्या गृहस्थांनी कॉफी मागवली आणि पान गेलं छापायला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अंक मिळेना. तिसऱ्या दिवशी मला काढलं.

मग छावणी. कर्नलसाहेब फार अदबीने वागले. खुर्ची दिली, बिस्किटं दिली. सकाळपासून एकच प्रश्न.

"तुझ्या मागे कोण आहे?"

"खिडकी आहे, साहेब."

"थट्टा नको. हे तुला कोणी लिहायला सांगितलं?"

"साखरेचं प्रमाण माझ्या आईने. बाकीचं मी पाहिलं."

दुपारी त्यांनी आवाज चढवला. तेव्हा मी मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी दाबून धरली. संध्याकाळी सोडलं. बाहेर मांग सेवेरो उभे होते. मी त्यांना ओळखतही नव्हते. म्हणाले, "सरबत छान होतं. आमच्याकडे राजकीय वार्ताहराची जागा रिकामी आहे. पहिले दोघे तुरुंगात आहेत." पाच वर्षं म्हणाले होते ना मी? चौदा महिन्यांत झाले, तिया!

अळू टिकलं. मांग सेवेरोंनी पातेलं पावाने पुसून खाल्लं.

पण तुमचं मागणं मला मान्य करता येत नाही. बांतिगानमध्ये काही घडलं नाही तर मी काहीच लिहिणार नाही. घडलं, तर लिहावंच लागेल.

तुमची
नोएमी


मनिला, २३ मे १९८४

तिया,

आज हात कपाळाला लावत नाही.

परवा मी प्रांताच्या निवडणूक कचेरीत होते. निकालपत्रकं डोळ्यांनी पाहिली. बांतिगानच्या अकरा केंद्रांत मिळून वकील दायेपांना एकोणीस मतं. चौथ्या केंद्रावर आर्सिंगा दोनशे अठ्ठेचाळीस, दायेप शून्य. शून्य, तिया! दायेपांची सख्खी आई त्या केंद्रात मतदार आहे. तिने पोटच्या पोराला मत दिलं नाही?

खाली केंद्राध्यक्ष म्हणून तुमचं नाव. तुमची सही.

मी तिथल्या जिन्यात बसून राहिले. मला वाटलं होतं, कोणी ना कोणी तरी सही करेल, पण तुम्ही नाही करणार. तुम्हीच मला शिकवलंत की उत्तर येत नसेल तर पाटी कोरी ठेव, शेजारच्याची बघून लिहू नकोस.

मी बातमी लिहिली आहे. अकराही केंद्रांचे आकडे आणि अकराही केंद्राध्यक्षांची नावं दिली आहेत. मांग सेवेरोंनी विचारलं, "चौथं नाव ठेवायचं?" मी म्हटलं, "दहा बायकांची नावं छापून माझ्या आत्याचं झाकलं, तर मी त्या छत्रीवाल्या गृहस्थांपेक्षा वेगळी कशी?" उद्याच्या अंकात येतं आहे.

तुम्हाला भीती वाटली असेल. मला समजतं. पण लिहिल्यावाचून राहवलं नाही.

नोएमी


कातुंगाव डोंगरशाळा, ११ जून १९८४

चि. नेने,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र फादरांच्या बहिणीच्या हाती देते आहे, कारण पोस्टात आता आमची पत्रं फोडतात.

तुझी बातमी वाचली. चांगली आहे. आकडे बरोबर उतरवलेस, विशेषणं कमी वापरलीस. माझं नाव वगळलं नाहीस, तेही योग्यच. फक्त एक चूक आहे, आणि ती लाल पेन्सिलीने सुधारण्यासारखी नाही.

ती सही माझी नाही.

चौदा तारखेला दुपारी मतदान संपलं. माझ्या वर्गात, सगळ्यांदेखत, फळ्यावर पाच-पाच रेघांचे गठ्ठे करत मी मोजणी केली. दायेप एकशे सत्त्याऐंशी. आर्सिंगा एकसष्ट. मी सही केली, एक प्रत नियमाप्रमाणे स्वतःकडे ठेवली. पेटी घेऊन ट्रक गेला. दुसऱ्या दिवशी मेयरांच्या घरी आम्हा अकराजणींना जेवायला बोलावलं. जेवणानंतर नवी पत्रकं पुढे केली, आकडे आधीच भरलेले. मेयर म्हणाले, "बाई, एवढी सही केली की निवृत्तीपर्यंत आराम."

मी म्हटलं, "मेयरसाहेब, चष्मा घरी राहिलाय."

"डोक्यावर आहे की!"

"हा लांबचं बघायचा."

तसंच सगळ्यांनी काही ना काही सांगितलं. एकीचं बोट कापलं होतं. बेर्नाल्दा बाईंना उलटी झाली, ती मात्र खरी. आम्ही घरी आलो. सह्या त्यांनीच करून टाकल्या. आणि आठवड्यात माझी बदली झाली. इथे, रस्ता संपल्यावर चार तास चढ चढून. तुझ्या बातमीमुळे नव्हे, त्याच्याही आधी. तुला कळवलं नाही, कारण तू काळजी करशील. म्हणजे आपण दोघी सारख्याच खोटारड्या.

आता एक सांग. निवडणूक कचेरीत जाऊन मी ते पत्रक पाहून आले, त्यांनी 'एस्कोलास्तिका'मधल्या 'को'चा 'कु' केला आहे. तू स्वतः पाहिलंस म्हणतेस. आयुष्यात मी स्वतःचं नाव चुकीचं लिहीन का, नेने? तू रडत जिन्यात बसलीस, तेवढ्या वेळात ते पत्रक आणखी एकदा वाचायला हवं होतंस.

माझी प्रत माझ्याकडे आहे. बाकीच्यांच्या कुठे आहेत ते बघते.

तिया


मनिला, २० जून १९८४

तिया,

तुमचं पत्र पाच वेळा वाचलं. मांग सेवेरोंपुढे ठेवलं. ते म्हणाले, "उतावळी बातमी खोट्या बातमीची चुलतबहीण असते." तेवढं पुरलं. एक ओळ तुम्हाला आधी लिहायची होती, बातमी छापण्याच्या आधी. ती मी लिहिली नाही. रागात होते, आणि राग मला खरेपणासारखा वाटला.

या अंकात पहिल्या पानावर माझ्या नावाने माफी छापते आहे. फक्त 'सह्या खोट्या असल्याचं कळतं' एवढंच लिहीन, तुम्ही सांगितलंत असं लिहिणार नाही. ती प्रत घ्यायला मी स्वतः येते. तुम्ही तिथून हलू नका.

दोन्ही हात कपाळाला लावते.

नोएमी


कातुंगाव, २ जुलै १९८४

नेने,

हेही पत्र फादरांच्या बहिणीच्याच हाती देते. तू येऊ नकोस. बांतिगानच्या स्टेशनावर मेयरची दोन माणसं बसून असतात. तुझा फोटो आहे त्यांच्याकडे. जुनाच, वेण्या घातलेला, पण आहे.

आम्हीच येतो.

गेले तीन शनिवार मी डोंगर उतरून घरोघर हिंडले. बेर्नाल्दा बाई दारातच म्हणाल्या, "एस्कोलास्तिका, मला तीन नातवंडं आहेत. मी ती प्रत जाळली."

"बरं केलंत," म्हटलं, "मीही जाळणार होते."

"मग जाळली का नाहीत?"

"सोमवारी वर्गात पोरांना बेरीज शिकवायची होती."

त्या आत गेल्या, देवघरातल्या बाळ येशूच्या मूर्तीचा मखमली झगा उसवला आणि घडी काढून माझ्या हातात दिली. "जाळणार होते हो," म्हणाल्या, "पण माचिस ओली होती." त्या घरात चूल पेटलेली मला दिसत होती.

दहा प्रती जमल्या. अकरावी प्रत पाचव्या केंद्राच्या बाईंनी खरोखरच जाळली. त्या दोन दिवस रडल्या आणि आता म्हणतात, मी बरोबर येते, मला आकडे पाठ आहेत.

मेयरच्या माणसांना सांगितलंय की शिक्षिकांच्या गायन स्पर्धेला चाललो आहोत. त्यामुळे आता खरंच दोन गाणी बसवावी लागली. बेर्नाल्दा बाई बेसूर आहेत, पण आवाज मोठा आहे. बारा तारखेच्या दक्षिण गाडीने येतो. अकराजणी, एक गिटार. उतरवून घ्यायला ये.

तिया


मनिला, २७ जुलै १९८४

तिया,
तुमचा हात कपाळाला लावते.

स्टेशनवर मी माफीचं सगळं भाषण पाठ करून आले होते. तुम्ही डब्यातून उतरलात आणि म्हणालात, "आधी कॉफी, मग रडणं." कॉफीनंतर रडायचं राहूनच गेलं, म्हणून आता लिहिते : मला क्षमा करा.

तुम्ही गाडीत बसलात आणि इकडे काय झालं ते ऐका. अंक सकाळी सहाला बाहेर पडला. पहिल्या पानावर तुम्हा अकराजणींचा फोटो, गणवेशात, हातात पत्रकं. नऊ वाजता छापखान्यातून निरोप, अजून छापू का? दुपारी पुन्हा तेच. संध्याकाळपर्यंत कागद संपला, तर शेजारच्या छापखान्याने, ज्याने आम्हाला वर्षभर ओळख दिली नव्हती, स्वतःचा कागद ढकलगाडीवर घालून पाठवला. जीपनी गाड्यांत लोक एकमेकांना बातमी वाचून दाखवत होते. कोणीतरी फोटोतली तुमची बोटं दाखवून म्हणालं, "ह्या बाईंच्या हाताला खडू लागलाय बघा."

निवडणूक आयोगाला चौकशी लावावी लागली. सुनावणी सप्टेंबरात, प्रांताच्या राजधानीत.

आणि माझ्यावर अफवा पसरवल्याचा खटला भरला आहे. मनिला सोडायला बंदी. तुम्ही बोलाल तेव्हा मी समोर नसेन. मांग सेवेरो म्हणतात, खटला म्हणजे आमच्या धंद्यातली बढती. पण मला तिथे असायचं होतं हो.

नोएमी


बांतिगान, २२ सप्टेंबर १९८४

चि. नेने,
अनेक आशीर्वाद.

तू नव्हतीस, म्हणून मीच बातमीदार झाले. पाहिलं तेवढंच लिहिते.

आपला ज्वालामुखी जागा झालाय, त्याची राख अजून पडते आहे. सभागृहाच्या खिडक्या बंद होत्या आणि आत तीनशे माणसं. आमच्या डोंगरातले पालकही आले होते, छत्र्यांवर राख घेऊन. आर्सिंगांचा वकील मनिलाचा, अत्तर लावलेला. त्याने मला विचारलं, "बाई, वय काय?"

"एकसष्ट."

"या वयात माणूस गडबडीत स्वतःच्या नावात एखादं अक्षर चुकतो, नाही का?"

"माणूस चुकेल. शिक्षिका नाही चुकत."

लोक हसले. अध्यक्षांनी घंटा वाजवली. मी खोट्या सह्या बघायला मागितल्या. अकराही पत्रकं टेबलावर मांडली. तोवर मी माझीच पाहिली होती. सगळी एकत्र पाहिली आणि नेने, तो 'कु' माझ्या ओळखीचा होता. सहावीत एक मुलगा होता, ओकाराला उकार काढायचा. शंभर वेळा लिहून घेतलं तरी तेच. अक्षर मात्र मोत्यासारखं. तोच आता मेयरचा कारकून आहे. भिंतीशी बसला होता, मान खाली घालून.

मी काही आरोप केला नाही. वर्गात हजेरी घेतात तशी हाक मारली फक्त : "रुफिनो!"

तो उभा राहिला. सवयीने. तीनशे माणसांच्या सभेत एकटा.

वकील ओरडला, "खाली बस!" पण बाई समोर असताना तो बसेना. मी विचारलं, "हे तू लिहिलंस?"

त्याने मान वर केली. मग तो म्हणाला, "हो, बाई. अकराही मीच."

"कोणी सांगितलं?"

त्याने मेयरकडे बोट केलं नाही. नुसतं पाहिलं. पण सगळ्या सभागृहाने त्याच्या नजरेमागे मान वळवली, आणि मेयर आर्सिंगांना आयुष्यात पहिल्यांदाच कुठे बघावं ते कळेना.

बाहेर आल्यावर रुफिनो माझा हात कपाळाला लावायला आला. मी लावू दिला. त्याला वाचवायला वकील दायेपांनाच सांगितलं आहे. खरं बोलणाऱ्याची नोकरी जाते, हे मला चांगलं माहीत आहे.

तिया


मनिला, ३० ऑक्टोबर १९८४

तिया!

निकाल लागला. आयोगाने तुमच्या प्रती आणि पाचव्या केंद्राच्या बाईंची साक्ष ग्राह्य धरली. तीन हजार दोनशे एक मतांनी जिंकलेला आर्सिंगा सहाशे अकरा मतांनी हरला. वकील दायेप पुढच्या आठवड्यात शपथ घेतात.

तुमचं पत्र मी जसंच्या तसं छापलं, पहिल्या ओळीपासून, वर 'आमच्या बांतिगानच्या वार्ताहराकडून' असं लिहून. एक शब्द बदलला नाही. मांग सेवेरोंनी तीनदा वाचलं आणि मला म्हणाले, "घराण्यात चांगली लिहिणारी तू नव्हेस तर."

माझा खटला न्यायाधीशांनी फेटाळला. म्हणाले, जे सिद्ध झालं त्याला अफवा कसं म्हणायचं? मी कोर्टातून चालत कचेरीत आले. मुद्दाम. रस्ताभर कोणी ना कोणी अंक वाचत होतं.

नोएमी


मनिला, ९ मार्च १९८६

तिया,
तुमचा हात कपाळाला लावते.

रेडिओवर ऐकलंच असेल. चार दिवस मी हमरस्त्यावर, राष्ट्राध्यक्षांविरुद्ध उठलेल्या लोकांत होते. रणगाड्यांपुढे जपमाळा घेऊन बसलेल्या नन्स, सैनिकांना भात भरवणाऱ्या बायका, आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी बातमी आली की राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले. मी वहीत लिहीत होते आणि शेजारची अनोळखी बाई मला मिठी मारून गदागदा हलवत होती. त्या पानावरचं अक्षर मलाही वाचता येत नाही.

काल माझ्या जुन्या दैनिकाचे नवे मालक आले. राजकीय विभागाची संपादक हो म्हणाले. मी अट घातली : छत्रीवाल्या गृहस्थांची खुर्ची कचेरीतून बाहेर काढा. काढली. मांग सेवेरोंना सोडताना जड गेलं, पण त्यांनीच ढकललं. म्हणाले, "माझे पहिले दोघे तुरुंगातून सुटलेत. तुझी जागा हवी आहे."

उद्यापासून सात पुरुष आणि चार बायका माझ्या हाताखाली. तिया, बापाने हे बघायला हवं होतं.

नोएमी


बांतिगान, १७ एप्रिल १९८८

चि. नेने,
अनेक आशीर्वाद.

निवृत्त होऊन वर्ष झालं नाही तोच बेर्नाल्दा बाईंनी आणि बाकीच्या नऊजणींनी मला मेयरच्या निवडणुकीला उभं केलं, हे तुला माहीत आहे. निवडून आले, तेही तू छापलंस. तीन ओळींत, आतल्या पानावर, बाकीच्या सगळ्या मेयरांच्या रांगेत. गावातल्या लोकांना वाईट वाटलं. मला नाही.

आता तुझी वार्ताहर कार्मिना येऊन गेली त्याबद्दल. तू माझी भाची आहेस हे तिला ठाऊक होतं, तरी तिने वहीतून डोळे वर न करता प्रश्न विचारले. शाबास. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं दिली. मग तिने विचारलं, "मासळीबाजाराचं छप्पर नोव्हेंबरच्या वादळात उडालं. फेब्रुवारीअखेर बसवू असं तुम्ही सांगितलं होतं. एप्रिल आला. का नाही बसलं?"

बेर्नाल्दा बाई, आता उपमेयर, शेजारी बसल्या होत्या. माझ्या कानाशी लागल्या, "सांगा काम प्रगतिपथावर आहे."

मी म्हटलं, "बेर्नाल्दा बाई, गप्प बसा." आणि कार्मिनाला सांगितलं, "मला माहीत नाही. मी विचारलंच नाही. चूक माझी आहे."

ती दचकली. तिने पुन्हा विचारलं, "असं छापू?"

"छाप."

तू छापलंस. पहिल्या पानावर, नावासकट. इथे बेर्नाल्दा बाई दोन दिवस रुसून बसल्या, म्हणाल्या, पोरीने आत्याची लाज काढली. मी तो अंक मेयरच्या कचेरीत दर्शनी भिंतीला लावला आहे. येणारा प्रत्येकजण वाचतो.

आणि एक गंमत झाली. बातमी आल्यापासून कोळणी मला रस्त्यात गाठायला लागल्या आहेत. काल एकीने भर बाजारात, ओल्या हातांनी माझा दंड धरला आणि सगळ्यांदेखत ओरडली, "काय हो मेयरबाई, छप्पर कधी?" आजूबाजूच्या सगळ्या हसल्या. मग दुसरीनेही विचारलं. मग तिसरीने. मी मासे न घेताच, मान खाली घालून सुतारांकडे गेले.

नेने, पासष्ट वर्षं मी या गावात आहे. मेयरला इथे कोणी असं विचारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

तुझी तिया,
एस्कोलास्तिका रेनिवा